मधल्या सुट्टीतली मिनिटं

२० डिसेंबर २०१२. टोकियोजवळच्या चोफू शहरातली एक प्राथमिक शाळा, पाचवीचा वर्ग, जेवणाची वेळ. जपानी शाळांत मुलं वर्गातच जेवतात, शिक्षकही त्यांच्यासोबत बसतात आणि वाढायचं कामही मुलंच करतात. त्या दिवशी बटाट्याचं धिरड्यासारखं काहीतरी होतं आणि त्यात चीज घातलेलं होतं. वर्गातल्या एका मुलीला दुधाची अ‍ॅलर्जी होती. स्वयंपाकघराला ते ठाऊक होतं. तिच्या वाटणीचं धिरडं चीज न घालता वेगळं केलेलं होतं, तेच तिला दिलं गेलं आणि ती ते जेवली. सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

मग उरलेलं आणखी कोणाला हवंय, असं शिक्षकांनी विचारलं. तिने मागितलं. घरून आणलेल्या तिच्या कागदावर, जे खायचं नाही त्यावर खूण केलेली असे. त्या पदार्थावर खूण नव्हती. शाळेने शिक्षकांना दिलेली यादी त्या क्षणी कोणी उघडली नाही. दुसऱ्यांदा वाढलेल्या त्या घासात चीज होतं. अर्ध्या तासाने तिला बरं वाटेनासं झालं. तिच्या दप्तरात अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन होतं. देऊ का, असं शिक्षकांनी विचारलं तर ती नको म्हणाली. दम्याचा त्रास असावा असं वाटलं. तिला उचलून शौचालयापर्यंत नेण्यात आलं. शेवटी मुख्याध्यापकांनी इंजेक्शन दिलं, तोवर फार उशीर झाला होता.

या शाळेत यादी होती, वेगळा स्वयंपाक होता, औषध होतं. म्हणूनच ही घटना मला सर्वांत आधी सांगावीशी वाटली. काहीच नसलेल्या शाळेत मूल दगावलं तर काय नव्हतं ते चटकन दाखवता येतं. इथे हाताशी सगळं असूनही ते मूल आणि ते औषध यांच्यामध्ये काही मिनिटं आडवी आली. हे प्रकरण त्या मिनिटांविषयी आहे.

याच्या नऊ वर्षं आधी, २००३ मध्ये, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सब्रिना शॅनन नावाची तेरा वर्षांची मुलगी अशीच गेली. तिलाही दुधाची अ‍ॅलर्जी होती. शाळेच्या कॅन्टीनमधले बटाट्याचे तळलेले काप तिने खाल्ले. कापांत दूध नव्हतं, पण ते वाढायच्या चिमट्याला चीज लागलेलं असावं असं पुढे दिसून आलं. तिलाही वाटलं की हा दमाच आहे. इंजेक्शन तिच्या लॉकरमध्ये होतं आणि ते आणायला एक शिक्षिका धावली. तिच्या आईने त्यानंतर जो पाठपुरावा केला त्यातून ‘सब्रिनाज लॉ’ हा कायदा झाला. तो २००५ मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. अ‍ॅलर्जी असलेल्या प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र लेखी योजना, कर्मचाऱ्यांना नियमित प्रशिक्षण, आणि प्रसंगी कोणाही कर्मचाऱ्याने सद्‌भावनेने इंजेक्शन दिलं तर त्याला कायद्याचं संरक्षण. यातली तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्याकडे पुढे येऊच.

दोन्ही मुलींना आधी दमाच आठवला, यात नवल नाही. अन्नाच्या तीव्र प्रतिक्रियेत श्वासनलिका आवळतात, छाती वाजते आणि बघणाऱ्याला तो नेहमीचा दमा वाटतो. फरक असा की इथे फक्त श्वासाचं बिघडलेलं नसतं. शरीरातल्या मास्ट पेशी एकाच वेळी आपली कोठारं उघडतात. हिस्टामिन आणि इतर रसायनं रक्तात उतरतात. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्यातून पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब कोसळतो. त्वचेवर गांधी, ओठांना सूज, पोटात मुरडा, उलट्या, घोगरा आवाज, चक्कर, ही सगळी त्या एकाच घटनेची वेगवेगळी तोंडं असतात. तिचं नाव अ‍ॅनाफिलॅक्सिस.

हे नाव १९०२ सालचं. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी आदल्या वर्षी मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरून प्रवास करताना सागरी जिवांच्या विषाचा अभ्यास सुरू केला होता. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष थोडं थोडं कुत्र्यांना टोचून पाहिलं. हळूहळू सवय होऊन प्रतिकार वाढेल अशी त्यांची अपेक्षा होती. झालं उलटंच. पहिला डोस सहज पचवलेल्या नेपच्यून नावाच्या कुत्र्याला काही आठवड्यांनी तेवढाच डोस दिला आणि तो अर्ध्या तासाच्या आत मेला. ‘फिलॅक्सिस’ म्हणजे रक्षण. त्याच्या उलटं म्हणून हा शब्द घडवला गेला. रिशेंना १९१३ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या घरांत नेहमी ऐकू येणाऱ्या एका वाक्याचं उत्तर या प्रयोगात आहे: ‘अहो, आजवर खात होता की!’ आजवर खात होता म्हणून पुढेही चालेल असं नसतं. आधीच्या खाण्यात शरीराने निमूटपणे त्या पदार्थाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडं तयार करून ठेवलेली असू शकतात. पहिला घास बिनबोभाट जातो. दंगा पुढच्या एखाद्या घासाला होतो.

आपल्या भाषेतल्या एका शब्दापाशी मला जरा थांबायचं आहे. अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठल्या की आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो. मग आमसूल भिजत घालून त्याचं पाणी अंगाला लावायचं, पित्ताची एक गोळी द्यायची आणि मुलाला झोपवायचं. बहुतेक वेळा एवढ्याने भागतंही. साध्या गांधी काही तासांत बसतात. म्हणूनच या शब्दाने आपल्याला निर्धास्त करून टाकलं आहे. शाळेतल्या बाईंनाही हेच माहीत असतं. मूल सांगतं, ‘बाई, खाजतंय’, बाई म्हणतात, ‘पित्त आहे, बस जरा वाऱ्याला.’ पण गांधींसोबत खोकला सुरू झाला, आवाज बसला, मूल ओकलं, किंवा एकदम मलूल होऊन ‘मला कसंतरी होतंय’ म्हणालं, की ते पित्त राहत नाही. आणि कधी कधी गांधी उठतही नाहीत. लहान मुलाला घसा आवळला हे नीट सांगता येत नाही. ते म्हणतं, जिभेला मुंग्या येतायत, घशात काहीतरी अडकलंय, जीभ जाड झालीय. त्या वेळी पित्ताची गोळी खाज कमी करेल, पण कोसळणारा रक्तदाब तिला सावरता येत नाही. ते काम एकटं अ‍ॅड्रेनलिन करतं: रक्तवाहिन्या पुन्हा आवळतं, श्वासनलिका मोकळ्या करतं, हृदयाला जोर देतं आणि मास्ट पेशींनाही आवरतं.

वेळ किती असतो? ब्रिटनमध्ये अ‍ॅनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंचा रिचर्ड पंफ्री यांनी अभ्यास केला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ अन्नाच्या बाबतीत ३० मिनिटं आणि मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या दंशाच्या बाबतीत १५ मिनिटं निघाला. कॅनडातल्या एस्टेल सायमन्स यांनी मुलांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासाचं १९९८ सालचं उत्तरही याला जोडून पाहावं. अ‍ॅड्रेनलिन मांडीच्या स्नायूत दिलं तर रक्तातली त्याची पातळी सरासरी ८ मिनिटांत शिखराला पोचली. कातडीखाली दिलं तर ३४ मिनिटं लागली. सुई कुठे टोचायची हा प्रश्न डॉक्टरी बारकाव्याचा वाटतो, पण अर्ध्या तासाच्या हिशोबात तोच निर्णायक ठरतो. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला. गरज पडली तर गणवेशाच्या कापडावरूनही.

भीती वाढवण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपल्याकडे अन्नाची खरी अ‍ॅलर्जी असलेली शाळकरी मुलं थोडी आहेत. अनेक देशांत एकाच पद्धतीने झालेल्या एका मोठ्या पाहणीत भारतातल्या शाळकरी मुलांत हे प्रमाण ०.१४ टक्के आढळलं, तर हाँगकाँगमध्ये १.५ टक्के. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत एखाददुसरं मूल. पण थोडी असणं हीच या मुलांची अडचण आहे. शाळेला सवय होत नाही, आणि ‘हे परदेशातलं फॅड’ असं म्हणून विषय मिटवला जातो. ज्या घरातलं मूल असं आहे त्या घरी टक्केवारीचा काही उपयोग नसतो.

परदेशातल्या गोष्टींत शेंगदाणा दिसतो तरी: पावाला लावलेलं जाड पीनट बटर. आपल्याकडे तो कूट होऊन सगळ्यात मिसळलेला असतो. काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, साबुदाण्याच्या खिचडीत, पालकाच्या पातळ भाजीत, लसणाच्या कोरड्या चटणीत. ‘यात शेंगदाणे आहेत का?’ असं विचारलं तर वाढणाऱ्या ताई मनापासून ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी कूट म्हणजे शेंगदाणे नव्हेत, ती मिठासारखी घालायची वस्तू आहे. म्हणून प्रश्न असा विचारावा: ‘कूट घातलाय का?’ शिवाय आपण दाणे भाजून कुटतो आणि भाजल्याने शेंगदाण्यातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी जागवण्याची ताकद उकडलेल्या दाण्यांपेक्षा वाढते. शालेय पोषण आहारातली पातेली, डाव आणि पळ्या यांचंही तेच, सब्रिनाच्या शाळेतल्या त्या चिमट्यासारखं. एक डाव वेगळा ठेवायचा आणि त्याच्या दांड्याला रंगीत सुतळी बांधायची, एवढं कुठल्याही गावच्या शाळेत होऊ शकतं.

मग सणवार. संक्रांतीला वर्गात तिळगूळ वाटला जातो. अमेरिकेने २०२१ मध्ये तिळाला पाकिटावर ठळक लिहायच्या अ‍ॅलर्जनच्या यादीत घातलं आणि १ जानेवारी २०२३ पासून ते बंधनकारक झालं. आपल्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत ग्लुटेनयुक्त धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचाची फळं, सोयाबीन आणि सल्फाइट आहेत, तीळ नाही. वर्षातून एक दिवस सगळं राज्य एकमेकांच्या हातावर तीळ ठेवतं, तिथे हे मला विचित्र वाटतं. एकादशीला उपवासाची चिक्की, वाढदिवसाला बिनकागदाच्या गोळ्या, कोकणात आणि गोव्यात डब्यात कोळंबीचं सुकं. आणि मधल्या सुट्टीत दुसऱ्याच्या डब्यात हात घालणं, जे आपल्याकडे मैत्रीचं पहिलं लक्षण मानलं जातं. ‘कुणाचं खायचं नाही’ हा नियम सहा वर्षांच्या मुलासाठी फार एकटं पाडणारा असतो. तो त्याच्यावरच लादण्यापेक्षा वाढदिवसाला खाऊऐवजी पेन्सिल वाटायची पद्धत वर्गाने पाडली तर ते मूल निदान त्या दिवशी इतरांसारखं राहतं.

मग शाळेत शेंगदाण्यावर बंदीच का घालू नये? अमेरिकेत अनेक शाळांनी ती घातली. मॅसॅच्युसेट्समधल्या सरकारी शाळांच्या २०१७ सालच्या अभ्यासात, बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांत अ‍ॅड्रेनलिन द्यावं लागण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. शेंगदाणामुक्त टेबल वेगळं ठेवणाऱ्या शाळांत मात्र ते कमी होतं. २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानेही सरसकट बंदीपेक्षा कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, प्रत्येक मुलाची लेखी योजना आणि शाळेत ठेवलेलं अ‍ॅड्रेनलिन यांवर भर दिला. मला हे पटतं. आपल्या स्वयंपाकात तर कुटावरची बंदी पाळलीच जाणार नाही, आणि न पाळली जाणारी बंदी शाळेला खोटा दिलासा देते: इथे शेंगदाणे नाहीत, म्हणजे काही होणार नाही. बंदीपेक्षा हात धुणं कामाचं. तेही साबण-पाण्याने, नुसत्या सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश जात नाही.

आणखी एक आकडा बंदीच्या मर्यादा दाखवतो. मॅसॅच्युसेट्समधल्याच शाळांच्या एका नोंदीत, अ‍ॅड्रेनलिन दिलेल्यांपैकी सुमारे पाव जणांना अ‍ॅलर्जी आहे हे शाळेला आधी माहीतच नव्हतं. म्हणजे केवळ यादीत नाव असलेल्या मुलाच्या दप्तरातलं औषध पुरत नाही. अमेरिकेने नोव्हेंबर २०१३ मध्ये कायदा करून शाळांना कोणासाठीही वापरता येईल असं अ‍ॅड्रेनलिन ठेवायला प्रोत्साहन दिलं. ब्रिटनने १ ऑक्टोबर २०१७ पासून शाळांना ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकत घेण्याची मुभा दिली.

आणि आपल्याकडे? परदेशी शाळांत वापरतात ते पेनसारखं स्वयंचलित इंजेक्शन मूळचं सैनिकांसाठीचं. रासायनिक हल्ल्यात सैनिकाला स्वतःच उतारा टोचून घेता यावा म्हणून अमेरिकेत जे साधन घडवलं गेलं, त्यातून ते पुढे आलं आणि १९८७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आपल्या औषधांच्या दुकानांत ते सहज मिळत नाही; ज्यांना परवडतं ते नातेवाइकांकडून परदेशातून मागवतात. त्याच वेळी तेच औषध, एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेल्या काचेच्या छोट्या अँप्यूलमध्ये, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये ठेवलेलं असतं आणि त्याची किंमत एका डझन वह्यांपेक्षाही कमी असते. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे वीस किलोच्या मुलाला त्यातलं ०.२ मिलिलिटर. औषध आहे, स्वस्त आहे; शाळेच्या कपाटात मात्र नाही.

अँप्यूल फोडून, सिरिंजमध्ये नेमकं भरून, थरथरत्या हाताने टोचायचं हे शिक्षकासाठी सोपं नाही, हे मला मान्य आहे. म्हणून काही डॉक्टर पालकांना सिरिंज आधीच भरून, खूण करून देतात. ती ऊन आणि उजेडापासून जपावी लागते आणि डॉक्टर सांगतील तेवढ्या काळाने बदलावी लागते. पण खरी अडचण सुईची नाही. ‘मी टोचलं आणि काही झालं तर?’ हा प्रश्न शिक्षकाच्या मनात असतोच, आणि तो रास्त आहे. ओंटारिओच्या कायद्याने त्याला सरळ उत्तर दिलं. आपल्याकडे शाळांसाठी असं उत्तर देणारा कायदा नाही. तो यावा असं मला मनापासून वाटतं. तोवर डॉक्टरच्या सहीची, पालकांच्या संमतीची आणि मुख्याध्यापकांच्या शिक्क्याची एक पानी योजना शिक्षकाला बराच धीर देते. त्या पानावर मुलाचा फोटो हवा, काय चालत नाही ते हवं, पहिली लक्षणं त्या मुलाच्याच शब्दांत हवीत, औषध कुठे आहे आणि किती द्यायचं ते हवं. मुलाला चालवायचं नाही, आडवं झोपवून पाय उचलायचे, श्वास लागला असेल तर बसतं ठेवायचं, हे ठळक हवं. चोफूच्या मुलीला हलवण्यात आलं होतं हे लक्षात ठेवून. औषध देऊन झाल्यावर १०८. सुधारणा नसेल तर पाच मिनिटांनी दुसरा डोस. आणि बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी ती लाट पुन्हा उसळू शकते. ‘देऊ का?’ हा प्रश्न मुलाला विचारायचा नाही, हेही लिहिलेलं असावं. घाबरलेलं मूल नकोच म्हणणार.

हे पान वर्गशिक्षकांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहिलं तर फुकट. शिपाईमामा, आहार शिजवणाऱ्या ताई, खेळाचे सर आणि बदली शिक्षक, सगळ्यांनी ते पाहिलेलं असावं. सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यातल्या डॉक्टरांना पंधरा मिनिटं मागितली तर संत्र्यावर सुई टोचून शिक्षकांचा सराव होऊ शकतो.

वर्गातल्या मुलांनाही सांगायला हवं. लंडनमध्ये २०१७ साली एका शाळकरी मुलाच्या अंगावर दुसऱ्या मुलाने चीजचा तुकडा टाकला. दुधाची अ‍ॅलर्जी असलेला तो तेरा वर्षांचा मुलगा दहा दिवसांनी रुग्णालयात गेला. टाकणाऱ्यालाही याचं गांभीर्य कळलं नव्हतं. डब्यातलं खोबरं दाखवून चिडवणं ही आपल्या मुलांना चेष्टा वाटते, कारण मोठ्यांनीच त्यांच्यासमोर ‘नखरे आहेत त्याचे’ म्हटलेलं असतं.

एवढं सगळं अन्नाविषयी झालं. सह्याद्रीतल्या शाळांसाठी मात्र सहल हा वेगळाच धडा आहे. गडाच्या कातळावर, कड्याच्या पोटाला आग्यामोहोळं लटकलेली असतात. धूर, मोठा आवाज किंवा कोणी भिरकावलेला दगड, आणि मोहोळ उठतं. शंभर दंश झाले तर विषानेच कोणीही आजारी पडेल. पण ज्याला या विषाची अ‍ॅलर्जी आहे त्याला एकच डंख पुरतो, मग तो मधमाशीचा असो की गांधीलमाशीचा. मधमाशीचा काटा दिसला तर नखाने, कशानेही, लगेच काढायचा; कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं. आणि इथे हाताशी पंधरा मिनिटं आहेत, तीस नाहीत. सहलीचं पत्रक काढताना दोराचं, टॉर्चचं, पाण्याच्या बाटल्यांचं लिहिलं जातं. प्रथमोपचाराची पेटी बहुधा बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागे ठेवलेली असते, आणि बस पायथ्याच्या गावात उभी असते. माचीवरून तिथवर उतरायला मुलांना पाऊण तास लागतो. औषध त्या पेटीत ठेवायचं नाही. ते गड चढणाऱ्या बाईंच्या पाठीवरच्या सॅकमध्ये, वरच्या कप्प्यात हवं, आणि ते कोणत्या कप्प्यात आहे, हे सोबतच्या सरांनाही ठाऊक हवं.